डिमरला दिवे दिसत नाहीत, ट्रान्सफॉर्मर दिसतो

मागच्या एप्रिलमध्ये तिवसा तालुक्यातल्या एका गावातून फोन आला. प्रार्थना मंदिरातला डिमर जळाला होता. आमच्याकडे गावोगावी संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी लावून दिलेली रीत आहे ती. या मंदिरात अधिष्ठानावर, म्हणजे प्रार्थनेसाठी मांडलेल्या आसनावर, उजेड पडावा म्हणून छतात १२ व्होल्टचे सहा लहान हॅलोजन दिवे बसवलेले होते, आणि प्रार्थनेच्या वेळी ते मंद करता यावेत म्हणून दाराजवळच्या बोर्डात एक डिमर.

मी पोचलो तेव्हा मंदिराची देखभाल करणारे काकाजी बोर्डापाशीच उभे होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण प्रश्न असा विचारला की मी हातातली पेटी खाली ठेवून आधी विचारच करत बसलो. म्हणाले, "दिवे त कमी झाले नं भाऊ. सहातले पाच उडाले, एकच लागत होता. सहा होते तवा चालला, मंग एकावर काहून जळला?"

बहुतेकांचा हिशेब असाच असतो. डिमरवर ४०० वॅट लिहिलंय, दिवे ५० वॅटचे सहा, म्हणजे ३००. शंभर वॅट शिल्लक, काम झालं. त्यातले पाच उडाले तर डिमरला उलट आरामच मिळायला पाहिजे. पण १२ व्होल्टच्या दिव्यांना हा हिशेब चालत नाही. डिमर आणि दिवे यांच्या मधे ट्रान्सफॉर्मर बसलेला असतो, आणि डिमरला फक्त तोच दिसतो. त्याच्यापलीकडे किती दिवे लागले, किती उडाले, हे डिमरला त्याच्याच मार्फत कळतं. म्हणून डिमर निवडताना दिवे मोजण्याआधी ट्रान्सफॉर्मर कोणत्या जातीचा आहे ते पाहावं लागतं.

गावात ट्रान्सफॉर्मर म्हटलं की डोळ्यापुढे डीपी येते. ती ११ हजार व्होल्टचे ४०० च्या आसपास करते, आणि त्यातली एक फेज घरात २३० म्हणून येते. छतातला हा लहान ट्रान्सफॉर्मर तेच काम पुढे नेतो, २३० चे १२ करतो. डीपीच्या पाटीवर ६३ किंवा १०० केव्हीए लिहिलेलं असतं, किलोवॅट नाही. लहान ट्रान्सफॉर्मरवरही वॅट न लिहिता ३०० व्हीए असं लिहितात. व्हीए म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, तारेतून प्रत्यक्ष वाहणारा सगळा प्रवाह धरून केलेला हिशेब. त्यातला जो भाग खरोखर उजेडात आणि उष्णतेत खर्च होतो तो वॅट. दोन्ही आकडे क्वचितच सारखे असतात, आणि तार तापते ती प्रवाहाने, म्हणजे व्हीएच्या बाजूने.

आता डिमर काय करतो ते पाहू. पुष्कळ जणांना वाटतं की तो व्होल्टेज कमी करतो, नळाची तोटी आवळावी तसा. तसं नाही. आपली वीज सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते, म्हणजे सेकंदात १०० अर्ध्या लाटा. प्रत्येक अर्धी लाट एका सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढी. डिमर यातल्या प्रत्येक अर्ध्या लाटेचा एक तुकडा कापून टाकतो. दिव्याची तार इतक्या लवकर थंड होत नाही, म्हणून आपल्याला लुकलुक न दिसता फक्त मंद उजेड दिसतो.

कापण्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. साधा, स्वस्त, बाजारात सहज मिळणारा डिमर लाटेचा पुढचा भाग कापतो. लाट सुरू झाली तरी दार बंद ठेवतो आणि मधेच एकदम उघडतो. याच्या आत ट्रायॅक नावाचा भाग असतो, आणि एकदा उघडलेला ट्रायॅक प्रवाह आपोआप शून्यावर आल्यावरच बंद होतो. दुसऱ्या जातीचा डिमर मागचा भाग कापतो. लाटेच्या सुरुवातीपासून दार उघडं, आणि मधेच तो प्रवाह तोडतो. हा महाग असतो आणि तालुक्याच्या दुकानात बहुधा मागवून घ्यावा लागतो.

ट्रान्सफॉर्मरच्याही दोन जाती. एक वाइंडिंगवाला: लोखंडी पट्ट्यांवर तांब्याची तार गुंडाळलेला, हातात घेतला की वजन कळतं. या मंदिरातला असाच होता, मोटरी भरणाऱ्या एका रिवाइंडिंगवाल्याकडून करून आणलेला. दुसरा इलेक्ट्रॉनिक: काडीपेटीपेक्षा थोडा लांब प्लास्टिकचा डबा, वजनाला हलका, आत छोटं सर्किट.

कोणाची कोणाशी जुळते, हे पाठ करण्यापेक्षा शेतातल्या पाइपलाइनवरून समजून घेतलेलं बरं. विहिरीपासून लांबवर पाइप टाकला आहे, मोटर चालू आहे, पाणी जोरात धावतंय, आणि कोणी टोकाचा वॉल्व एका झटक्यात बंद केला. काय होतं ते प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. धावतं पाणी थांबायला तयार नसतं, पाइपात ठोका बसतो आणि कमजोर जॉइंट फुटतो. वाइंडिंगमधला प्रवाह असाच वागतो. एकदा वाहू लागला की मधेच तोडलेला त्याला चालत नाही. तोडला की व्होल्टेजचा ठोका बसतो आणि तो तोडणाऱ्या डिमरवरच पडतो. म्हणून वाइंडिंगच्या ट्रान्सफॉर्मरला मागचा भाग कापणारा डिमर लावायचा नाही. पुढचा भाग कापणारा चालतो, कारण ट्रायॅक प्रवाह स्वतःहून थांबेपर्यंत वाट पाहतो.

आता उलटी गोष्ट. संत्र्याच्या बागेतली ठिबकची नळी पूर्ण रिकामी आहे आणि तुम्ही दाबाचं पाणी एकदम सोडलं. रिकाम्या नळीत पाणी धाड्‌कन घुसतं आणि जॉइंट निखळतात. इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरच्या तोंडाशी कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवणारे भाग असतात, ते या रिकाम्या नळीसारखे. पुढचा भाग कापणारा डिमर मधेच एकदम दार उघडतो तेव्हा ते भरून काढायला क्षणभर मोठा प्रवाह घुसतो, आणि हे सेकंदाला १०० वेळा. डिमर तापतो, भुणभुण करतो, दिवा थरथरतो. मागचा भाग कापणारा डिमर लाटेच्या सुरुवातीला, व्होल्टेज शून्य असताना दार उघडतो, म्हणून पाणी हळूहळू चढत जातं. इलेक्ट्रॉनिकला तोच हवा.

ही जुळणी डिमरच्या पाठीवर छापलेली असते, फक्त तिकडे कोणी पाहत नाही. आर, एल, सी अशी रोमन अक्षरं असतात. आर म्हणजे साधा २३० व्होल्टचा तारेचा बल्ब. एल म्हणजे वाइंडिंगचा ट्रान्सफॉर्मर. सी म्हणजे इलेक्ट्रॉनिक. आर आणि एल असेल तर पुढचा भाग कापणारा, आर आणि सी असेल तर मागचा, तिन्ही अक्षरं असतील तर दोन्ही जमणारा. काही ठिकाणी प्रत्येक अक्षरापुढे वेगळा आकडा असतो. ४०० वॅट हा बहुतेक वेळा आर चा आकडा असतो. ट्रान्सफॉर्मरवर आलात की तो लागू नाही. काहीच छापलेलं नसेल तर तो डिमर साध्या बल्बापुरता समजावा, असं माझं मत आहे. आणि ट्रान्सफॉर्मरवरही बघा: डिमर चालतो असं लिहिलं नसेल तर तो इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर डिमरवर लावू नये. डिमर लावायचा तो नेहमी २३० च्या बाजूला, ट्रान्सफॉर्मरच्या आधी. १२ च्या बाजूला तो डिमर कधीच नाही.

मंदिरात जात जुळलेली होती. वाइंडिंगचा ट्रान्सफॉर्मर आणि ट्रायॅकचा डिमर. तरी गडबड झाली, ती आधी आकड्यांत.

सहा दिवे ३०० वॅट खातात ते ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे. ट्रान्सफॉर्मर स्वतः तापतो म्हणजे तोही खातो. चांगला वाइंडिंगवाला थोडं खातो, गावाकडे भरलेला साधारण १५ टक्के खातो असं मी धरतो. म्हणजे डिमरवर ३०० नाही, ३४५. डिमरचा आकडा ट्रान्सफॉर्मरसाठी ८० टक्केच धरावा, ४०० चे ३२०. इथेच पहिल्या दिवसापासून २५ वॅट जास्त होते.

त्यात व्होल्टेज. मी संध्याकाळी मीटर लावला तेव्हा २४८ दाखवत होता. मोटरी चालू असल्या की आपल्याकडे व्होल्टेज पडतं आणि मोटरी बंद झाल्या की चढतं, हे काही नवीन नाही. २३० चे २४८ झाले म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या टोकाला १२ चे जवळपास १३ होतात. ५० वॅटचा हॅलोजन मग ५६ वॅट खातो. सहाचे झाले ३३८, त्यावर ट्रान्सफॉर्मरचा वाटा धरला की ३९०. म्हणजे ४०० वॅटचा डिमर रोज संध्याकाळी काठावर होता, आणि ३०० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर काठाच्याही पलीकडे. दिवे भराभर का उडाले तेही यातच आलं. हॅलोजनला ५ टक्के व्होल्टेज जास्त मिळालं तरी त्याचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. इथे ८ टक्के जास्त होतं.

तरीही डिमर त्या काळात टिकला. जळाला तो एकच दिवा उरल्यावर. काकाजींच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

ट्रायॅकला उघडं राहण्यासाठी त्याच्यातून थोडा तरी प्रवाह सतत वाहावा लागतो. ट्रान्सफॉर्मरवर पुरेसे दिवे असले की तो मिळतो. ३०० व्हीएच्या ट्रान्सफॉर्मरवर एकच ५० वॅटचा दिवा उरला की प्रवाह कमी पडतो, शिवाय वाइंडिंगमुळे उशिरा येतो. मग ट्रायॅक पुढे जाणाऱ्या अर्ध्या लाटेला उघडतो आणि मागे येणाऱ्या अर्ध्या लाटेला चुकतो, किंवा उशिरा उघडतो. पुढे जास्त, मागे कमी. अशी एका बाजूला झुकलेली वीज म्हणजे त्यात थोडी डीसी, बॅटरीसारखी एकाच दिशेला वाहणारी वीज, मिसळली. डीसी ट्रान्सफॉर्मरमधून पलीकडे जात नाही. ती आत लोखंडात चुंबकत्व एकाच दिशेला साठवत राहते, आणि लोखंड भरलं की वाइंडिंग ही फक्त तांब्याची तार उरते, काही ओहमची. मग प्रवाह कितीतरी पटीने वाढतो. पलीकडे एक मिणमिणता दिवा आणि अलीकडे तार भाजणारा प्रवाह.

मी छतातली झडप उघडली तेव्हा वास आला तो जळक्या वार्निशचा. मोटर जळाल्यावर विहिरीपाशी येतो तोच. ट्रान्सफॉर्मरची वरची कागदी पट्टी तपकिरी होऊन कडेने वळली होती. डिमर खोलला तर आतल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीला लावलेला ट्रायॅक शाबूत दिसत होता, पण त्याखालचं सर्किट चहाच्या डागासारखं काळपट झालेलं. मीटर लावला, आरपार शॉर्ट. काकाजींनी मग आठवून सांगितलं की दोन-तीन दिवस आधीपासून मूठ फिरवली तरी दिवा कमी होत नव्हता, फुलच लागून राहत होता. ती खूण होती. ट्रायॅक मरतो तेव्हा बहुधा शॉर्ट होऊन मरतो. मूठ फिरवून उजेड बदलत नसेल तर त्याच दिवशी तो डिमर काढायचा.

म्हणून वाइंडिंगवाल्या ट्रान्सफॉर्मरवर डिमर असेल तर क्षमतेच्या निदान पाऊण लोड त्यावर हवाच. उडालेला दिवा लगेच बदलायचा, आणि बदलेपर्यंत डिमर बंद ठेवायचा. प्रत्येक दिव्याला वेगळा वाइंडिंगवाला ट्रान्सफॉर्मर असेल तरी हाच नियम, कारण दिवा उडाला की त्याचा ट्रान्सफॉर्मर रिकामा राहतो.

उष्णतेचं वेगळं सांगायला हवं, कारण कंपन्यांचे आकडे आपल्या उन्हाळ्यात मोजलेले नसतात. डिमर स्वतः थोडी वीज खातो आणि ती उष्णता भिंतीतल्या डब्यातून बाहेर जायला हवी. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वरही जातो, पश्चिमेची भिंत रात्री नऊ वाजताही हाताला गरम लागते, त्यात टिनाचं छत. एकाच प्लेटीत डिमर, पंख्याचा रेग्युलेटर आणि दुसरा डिमर शेजारी शेजारी बसवले की तिघं एकमेकांना तापवतात. अशा जागी मी ८० टक्क्यांवरही जात नाही, ६० टक्के धरतो. ४०० चे २४०. ग्राहकाला हे जास्त वाटतं, मोठा डिमर कशाला म्हणतात. पण जळालेला डिमर बदलायला मी परत येणार तो खर्च त्याहून मोठा.

१२ व्होल्टच्या बाजूची वायर हा दुसरा दुर्लक्षित भाग. "बारा व्होल्ट काय करते" असं ऐकतो मी नेहमी. शॉक लागत नाही हे खरं. पण ३०० वॅट १२ व्होल्टवर म्हणजे २५ अँपिअर. एका सराफाच्या दुकानात शोकेसवरचे सहा दिवे पिवळे पडले होते आणि त्यांना वाटत होतं डिमर बिघडला. एकाच ट्रान्सफॉर्मरपासून चार मीटरवर दीड चौरस मिलिमीटरची वायर नेलेली. हिशेब केला: जाऊन-येऊन आठ मीटर तार, तिच्यात २५ अँपिअरला २.४ व्होल्ट पडतात. दिव्यांपाशी १२ ऐवजी साडेनऊच. आणि ६० वॅट, एका दिव्याहून जास्त, त्या वायरमध्येच उष्णता होऊन जात होते. कनेक्टरचं प्लास्टिक मऊ पडलं होतं. वर लाकडी शोकेस. डिमर बदलला असता तर ते दिवे पिवळेच राहिले असते आणि आग लागायची शक्यता तशीच राहिली असती. प्रत्येक दिव्याला ट्रान्सफॉर्मरपासून स्वतंत्र वायर नेली, ट्रान्सफॉर्मर शोकेसच्या जवळ आणला, काम झालं.

इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरची वायर तर दोन मीटरच्या आतच ठेवावी. तो १२ व्होल्ट देतो पण सेकंदाला ५० वेळा नाही, हजारो वेळा मागेपुढे होणारे. लांब तारेत ते नीट पोचत नाहीत आणि जवळच्या रेडिओत खरखर येते. साधा मीटर त्यावर लावला तर भलताच आकडा दाखवतो. मीटर पाहून ट्रान्सफॉर्मर खराब ठरवू नका.

एलईडीचं थोडक्यात. जुना ५० वॅटचा हॅलोजन काढून त्याच खाचेत ५ वॅटचा एलईडी बसवला आणि तो लुकलुकायला लागला, ही तक्रार आता सगळ्यात जास्त येते. इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरवर २० ते ६० वॅट असं लिहिलेलं असतं, त्यातला २० हा कमीत कमी लोड आहे. ५ वॅटवर तो सुरू होतो, बंद पडतो, परत सुरू होतो. तिथे एलईडीचा डिमेबल ड्रायव्हरच, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा आणि डिमरवर चालणारा डबा, लावावा. आणि ४०० वॅटच्या साध्या डिमरवर ५ वॅटचे ८० एलईडी चालतील असं समजू नये, त्यांचा आत घुसणारा क्षणिक प्रवाह मोठा असतो. डिमरवर एलईडीसाठी वेगळा आकडा दिला असेल तो घ्यावा, नसेल तर मी दहावा हिस्सा धरतो. पीओपीत लावतात त्या १२ व्होल्टच्या एलईडी पट्टीला साधा एसएमपीएस (२३० चे १२ व्होल्ट डीसी करणारा डबा) असेल तर २३० च्या बाजूला डिमर लावूच नये. तिचा डिमर १२ व्होल्टच्या बाजूला बसणारा, वेगळ्या प्रकारचा असतो.

आणि लाइन गेल्यावर डिमरचं सर्किट इन्व्हर्टरवर येत असेल तर तो इन्व्हर्टर साइन वेव्हचा, म्हणजे लाइनसारखीच गोल लाट देणारा, आहे ना हे पाहून घ्यावं. स्क्वेअर वेव्हवर, म्हणजे चौकोनी लाटेवर, डिमरला लाट कुठे सुरू होते तेच नीट कळत नाही. तसा इन्व्हर्टर असेल तर मी डिमरची लाइन त्यावरून काढून टाकतो. पंख्याचा रेग्युलेटरही दिव्यांसाठी वापरू नये. तो जेमतेम एका पंख्यापुरता असतो.

मंदिरात शेवटी काय केलं ते सांगतो. जळका ट्रान्सफॉर्मर काढला. सहा दिव्यांना सहा वेगळे इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर, प्रत्येकी २० ते ६० वॅटचे, दिव्यापासून हातभर अंतरावर. दिवे ५० ऐवजी ३५ वॅटचे घेतले, अधिष्ठानाला तेवढा उजेड पुरतो. सहाचे २१०, ट्रान्सफॉर्मरचा थोडा वाटा धरून २२०. त्यासाठी सी अक्षर असलेला, मागचा भाग कापणारा ४०० वॅटचा डिमर अमरावतीहून आणला. माझ्या उन्हाळ्याच्या हिशेबाने मर्यादा २४०, म्हणजे आत बसलं. पंख्याचा रेग्युलेटर त्या प्लेटीतून काढून शेजारच्या बोर्डात नेला.

संध्याकाळी प्रार्थना झाली. मूठ फिरवली तसे दिवे खाली आले, आणि आधी ती भुणभुण ऐकू यायची ती आली नाही. नंतर मी प्लेटीवर तळहात ठेवला, कोमट होती, हात सहज टेकवता येत होता. काकाजींनी विचारलं, "आता एखादा उडाला तर?" सांगितलं, उडू द्या, त्याचा ट्रान्सफॉर्मर आपला आपण गप्प बसेल, बाकीचे पाच लागत राहतील, डिमरला काही होणार नाही. फक्त सातवा दिवा लावायचा झाला तर आधी मला फोन करा. ते बरं म्हणाले, आणि बोर्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवायला वहीचा एक कागद घेऊन आले. त्यावर मी लिहिलं: ३५ वॅट, सहा दिवे, इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर, सी चा डिमर.